थंडी, खुराडे आणि शेजार

फजरची नमाज झाली की अंगावर शाल घेऊन मी पहिल्यांदा परसात जाते. डिसेंबरमध्ये आमच्या निफाड तालुक्यात त्या वेळी तोंडातून वाफा निघतात. जवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतेच. पण आम्हाला ते आधीच कळलेले असते, द्राक्षबागांतल्या धुरावरून. मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्र-रात्र बागेत शेकोट्या पेटवतात. तो धूर अंगणापर्यंत आला की समजायचे, आज खुराड्याचे दार जरा उशिरा, ऊन पडल्यावर उघडायचे.

आत कोंबड्या पिसे फुलवून, एकीला एक चिकटून बसलेल्या असतात. हात घातला तर पोटाखाली भट्टीसारखी ऊब लागते. कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते, आपल्यापेक्षा बरेच जास्त. बाहेर सात अंश आणि आत एकेचाळीस, हा फरक ती रात्रभर पोटातल्या दाण्यांवर आणि पिसांवर निभावून नेते.

ज्या बहिणींच्या परसात चार-दहा कोंबड्या आहेत, त्यांचा या दिवसांतला प्रश्न एकच असतो. अंडी कुठे गेली? आमच्याकडेही दिवाळीपर्यंत रोज पाच-सहा अंडी मिळायची, ती नोव्हेंबर संपता संपता एक-दोनवर येतात. धाकटा म्हणतो, "कोंबड्या संपावर गेल्या." सासूबाई म्हणतात, थंडीने आटल्या. खरे कारण थंडीपेक्षा उजेडाचे आहे. भरपूर अंडी यायला कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि आपल्याकडे डिसेंबरचा दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. त्यात काही जणी याच सुमारास जुनी पिसे टाकून नवी धरतात. पिसे धरायची की अंडी द्यायची, यात कोंबडी पिसे निवडते. व्यापारी फार्मवाले बल्ब लावून दिवस लांबवतात. चार गावरान कोंबड्यांसाठी मी ते करत नाही. दोन महिने त्यांनाही सुट्टी असू द्यावी, जानेवारीअखेर दिवस मोठा होऊ लागला की त्या आपोआप सुरू होतात.

हिवाळ्यातली माझी पहिली चूक मात्र मायेपोटी झाली होती. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी खुराडे चारही बाजूंनी प्लॅस्टिकने गच्च बंद केले. सकाळी दार उघडले तर आतून पाण्याचे थेंब ओघळत होते आणि डोळ्यांना झोंबणारा वास. आठवड्यात तीन कोंबड्या घुरघुरू लागल्या. सासूबाईंनी एक शब्द न बोलता वरची वीतभर पट्टी कापून टाकली. कोंबडी थंडी सोसते, ओल सोसत नाही. श्वासाची वाफ आणि विष्ठेचा वास वरून निघून गेला पाहिजे आणि वाऱ्याचा झोत मात्र अंगावर येता कामा नये. म्हणून आता वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा पडदा रात्री सोडायचा, सकाळी गुंडाळायचा आणि छपराखालची फट बारा महिने उघडी ठेवायची.

खाली भाताचे तूस किंवा शेंगदाण्याची टरफले चार बोटे पसरावी, दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करावी, ओले झालेले काढून टाकावे. बसायला गोल बारीक काठीपेक्षा वाशाचा चपटा तुकडा बरा. त्यावर बसली की पोटाची पिसे बोटांवर येतात आणि पाय गारठत नाहीत. संध्याकाळी खुराड्यात शिरण्यापूर्वी मूठमूठ मक्याचा भरडा किंवा बाजरी द्यावी, कारण रात्रभराची ऊब त्या दाण्यातून येते. सकाळी रात्रीचे गार पाणी ओतून कोमट पाणी ठेवावे. पाणी फार गार असले तर कोंबडी कमी पिते. कोबीची वरची पाने, मेथीच्या काड्या, शेवग्याचा पाला यांचा उन्हाळ्यापेक्षा आता जास्त उपयोग होतो. आणि एका कोपऱ्यात चुलीची राख मिसळलेली कोरडी माती हवीच. त्यात लोळून त्या स्वतःच्या उवा-पिसवा स्वतः काढतात.

इतके सगळे मला येत होते. तरीही गेल्या वर्षी जानेवारीत आमचे खुराडे रिकामे झाले, आणि आमचे एकट्याचेच नाही. त्याबद्दल लिहायचे की नाही, यावर मी बरेच महिने विचार केला. पण या पानावर मी तुम्हाला दर महिन्याला काही ना काही सांगत असते. जे करायला चुकले, तेही सांगायला हवे.

डिसेंबरच्या शेवटी आठवडी बाजारातून मी तीन तलंगा आणल्या. लाल तुऱ्याच्या, चकचकीत, भावही जरा कमीच. शाळेच्या गडबडीतून आले होते, अंधार पडला होता, म्हणून तिघींना सरळ आमच्या अकरा जणींच्या खुराड्यात सोडले. सासूबाई म्हणाल्या, "चार दिवस डालग्याखाली ठेव गं वेगळ्या." मी म्हटले, उद्या बघू. तो उद्या आला नाही.

पाचव्या दिवशी त्यांतली एक मान आखडून कोपऱ्यात बसली. मला वाटले थंडी लागली. हळद-लसणाचे पाणी पाजले, टोपलीत गोणपाट घालून चुलीजवळ ठेवली. सकाळी ती गेली. आठव्या दिवशी आमच्या जुन्या दोन कोंबड्या. चोच उघडी, हिरवट पातळ हगवण, आणि एकीची मान उलटी पाठीकडे वळलेली. नवव्या दिवशी मेलेली एक कोंबडी दुहेरी पिशवीत घालून मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पाहता क्षणी सांगितले, लक्षणे राणीखेतची आहेत. आपल्या खेड्यांत जिला मानमोडी म्हणतात, तीच. उत्तराखंडातल्या राणीखेत गावी शंभरेक वर्षांपूर्वी हा रोग नोंदला गेला, म्हणून त्याला ते नाव पडले. विषाणूचा रोग आहे, लागल्यावर त्यावर औषध नाही. आधी लस हाच उपाय.

मग त्यांनी विचारले, "शेजारी कुणाच्या कोंबड्या आहेत का?"

"आहेत."

"त्यांना आजच सांगा. बांधून ठेवायला सांगा, तुमच्याकडे येऊ देऊ नका."

शेजारी म्हणजे भिंतीपलीकडच्या खाला. वय साठीच्या पुढे, शौहर जाऊन बारा वर्षे झालेली, मुलगा ट्रकवर. त्यांच्या आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. आठवड्याला पंधरा-सोळा अंडी होतात आणि ती बारा रुपयांना एक याप्रमाणे ठरलेल्या घरी जातात. त्यांची रक्तदाबाची गोळी त्या पैशांतून येते, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. आमच्या आणि त्यांच्या कोंबड्या दिवसभर एकाच उकिरड्यावर चरतात.

त्या संध्याकाळी मुलांचे अब्बा म्हणाले, "मरायच्या आत उरलेल्या बाजारात नेऊन विकून टाकूया का? चार पैसे तरी येतील." बोलता बोलता ते थांबले. आम्ही दोघेही एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या तीन तलंगा भावात कमी का मिळाल्या होत्या, ते त्या क्षणी आमच्या लक्षात आले. कुणीतरी कुठल्यातरी अंगणात हेच वाक्य पूर्ण केले होते.

बाजारात आम्ही कोंबड्या नेल्या नाहीत. पण मी खालांकडेही गेले नाही.

का गेले नाही? मी मनाशी कारणे जोडली. त्यांच्या अजून ठणठणीत आहेत, उगाच घाबरतील. कदाचित लागणार नाही. उद्या शाळेतून आल्यावर सांगू. खरे कारण लाज हे होते. मी मास्तरीण. २०२० साली 'विलगीकरण' हा शब्द मी वर्गात फळ्यावर लिहून समजावला होता, उर्दूच्या तासालाही आणि मराठीच्या तासालाही. आणि माझ्याच दारात आलेल्या तीन कोंबड्यांना मी एक रात्रही वेगळे ठेवले नव्हते.

बाराव्या दिवशी खालांची पहिली कोंबडी मान टाकून बसली. त्यानंतर पाच दिवसांत त्यांच्या सात कोंबड्या आणि तो ऐटबाज कोंबडा गेला. एक काळी कोंबडी तेवढी उरली. आमच्याकडे चौदांतला फक्त एक कोंबडा राहिला, तोही मान वाकडी झालेला. गल्लीत सगळे म्हणत होते, यंदाची थंडीच तशी. खालाही तेच म्हणत होत्या. मी मान हलवत होते.

मोठी मुलगी नववीत आहे. रात्री भांडी पुसता पुसता तिने विचारले, "अम्मी, डॉक्टर काय म्हणाले ते तू खालांना सांगितलंस ना?" मी उत्तर दिले नाही. सासूबाई तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजारी उंट चांगल्या उंटांत नेऊ नये, अशा अर्थाची हदीस आमचे वालिद सांगायचे. तिथे उंट होते, इथे कोंबड्या आहेत." आणि पुन्हा मणी ओढू लागल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी मी खालांचे दार वाजवले. सगळे सांगितले. बाजार, तीन तलंगा, डॉक्टर, डॉक्टरांचा निरोप आणि तो न पोहोचवलेले तीन दिवस. माफ करा म्हटले. मला वाटले होते, त्या म्हणतील, "जाऊ दे बेटा, अल्लाची मर्जी." त्या तसे म्हणाल्या नाहीत. त्या मला नेहमी बेटा म्हणतात. त्या दिवशी म्हणाल्या, "टीचर, कोंबड्या तुझ्यामुळे मेल्या असं मी म्हणत नाही. रोग कुणाच्याही घरी येतो. पण तुला कळलं होतं त्या दिवशी माझ्या नऊच्या नऊ दाणे खात होत्या. त्या दिवशी सांगितलं असतंस तर मी डालग्याखाली घातल्या असत्या."

त्या वाचल्या असत्या का? रोग कदाचित आधीच पलीकडे गेला असेल. पण मी सांगितले असते तर तो प्रश्न माझ्या नावावर राहिला नसता.

मी पाकिटात कोंबड्यांचे पैसे घेऊन गेले होते. त्यांनी ते हातात घेतले नाही. आठवडाभर आमच्यात बोलणे झाले नाही. मग एका शुक्रवारी दुपारी त्या स्वतः आल्या, हातात नातवाची जुनी वही. म्हणाल्या, "खैरात नको. हिशेब कर. माझी आठवड्याची पंधरा अंडी होती, १८० रुपये. नव्या कोंबड्या अंड्यावर येईपर्यंत दर शुक्रवारी ते तू द्यायचे. आणि नव्या कोंबड्या आणायच्या त्या तू आणायच्या, पण मला विचारून."

मला सांगताना आनंद वाटतो की मी त्या वेळी रडले नाही, पेन काढले.

त्या वहीत एकोणतीस शुक्रवार आहेत. मे महिना आला तेव्हा खालाच म्हणाल्या, "या दिवसांत माझ्या दोन-तीन तरी खुडूक बसतात. चार आठवडे निम्मेच धर." मी म्हटले, राहू द्या. त्या म्हणाल्या, "जे अंडं झालंच नसतं त्याचे पैसे मी कशी घेऊ?" पंचवीस शुक्रवार १८० रुपयांचे आणि चार शुक्रवार ९० चे. सारे मिळून ४,८६० रुपये. शेवटच्या ओळीखाली त्यांनी अंगठ्याजवळ शाई लागलेल्या बोटांनी सही केली. साक्षरता वर्गात शिकलेली, सावकाश, पूर्ण नावाची.

दरम्यानचे काम काय काय केले, ते तुमच्या उपयोगाचे आहे म्हणून क्रमाने लिहिते.

मेलेल्या कोंबड्या नाल्यात किंवा कुत्र्यांपुढे टाकल्या नाहीत. कमरेइतका खड्डा, खाली-वर चुना, मग माती. खुराड्यातले तूस जाळले, लाकूड घासून उन्हात टाकले, भिंतींना चुन्याचे दोन हात दिले. नव्या कोंबड्या दोन महिने आणल्या नाहीत. खालांची काळी आणि आमचा वाकड्या मानेचा कोंबडा यांना नव्यांपासून दूर ठेवले, कारण आजारातून उठलेला पक्षीही काही काळ रोग पसरवू शकतो. मार्चच्या मध्यात महिनाभराची, पहिली लस झालेली पिल्ले आणली. दहा खालांची, दहा आमची.

लशीची गोष्ट नीट समजून घ्यावी. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा नावाच्या लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तो पुन्हा देतात. आठ आठवड्यांच्या आसपास आर-टू-बी ही लस टोचतात. राणीखेतजवळच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरच्या नावानेही ती ओळखली जाते. पुढची मात्रा कधी ते आपल्या डॉक्टरांना विचारावे. लस नेहमी बर्फात ठेवून आणायची, एकदा पातळ केली की तास-दोन तासांत वापरून टाकायची. आजारी कोंबडीला टोचायची नाही.

मग लोक ती देत का नाहीत? कारण एक कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते. ज्याच्या घरी आठ कोंबड्या, तो म्हणतो, बाकीची काय ओतून देऊ? म्हणून आमच्या दोन गल्ल्यांत कुणीच लस देत नव्हते. मीही नाही. आता आम्ही सात घरे मिळून एक कुपी आणतो. तीन घरे आमची, तीन मराठ्यांची, एक कोळी मावशींचे. सकाळी गारव्यात माझ्या घरातला चहाचा थर्मास बर्फ भरून दवाखान्यात जातो. पशुधन पर्यवेक्षक येतात, मुले कोंबड्या धरतात, खाला वहीत घरानुसार आकडे लिहितात. पहिल्या दिवशी ६३ कोंबड्या झाल्या. एका घरावर खर्च चहाच्या पुडीइतकाही आला नाही. जे मला दहा वर्षे अवघड वाटत होते, ते शेजाऱ्यांशी बोलण्याएवढेच अवघड होते.

आणखी एक नियम आम्ही सात घरांनी केला आहे. कोंबडी मान टाकून बसली की आधी ती वेगळी करायची आणि त्याच तासाला बाकीच्या सहा घरांना सांगायचे. थंडी लागली असेल, उद्या बघू, हे म्हणायचे नाही. एकदम बऱ्याच मेल्या तर हात न लावता दवाखान्याला कळवायचे. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा भारतातला तो पहिला होता. आपल्या राज्यात हे घडू शकते हे विसरून चालत नाही. कोंबड्यांचे काम झाल्यावर हात साबणाने धुणे, हे मुलांना सांगायचे आणि स्वतःही करायचे.

आता पुन्हा डिसेंबर आहे. नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीवर पाहुणे पक्षी उतरले आहेत, बागांतून धूर येतो आहे. अंडी दोनवर आली आहेत. वाकड्या मानेचा कोंबडा जिवंत आहे. बांग देताना त्याला मान आधी जमिनीकडे न्यावी लागते, मग आवाज फुटतो, तोही इतरांपेक्षा उशिरा. धाकट्याला त्याचे फार कौतुक.

मागच्या आठवड्यात मी बाजारातून दोन तलंगा आणल्या. आमच्या ओट्याच्या पलीकडच्या टोकाला, डालग्याखाली आहेत. त्यांचे दाणे-पाणी शेवटी, घरच्या कोंबड्यांचे झाल्यावर, आणि त्यासाठी चप्पल वेगळी. मोठीने कॅलेंडरवर २१ चौकोन आखले आहेत आणि रोज रात्री ती एक फुली मारते.

काल अस्रनंतर भिंतीपलीकडून खालांचा आवाज आला.

"बेटा, किती दिवस झाले?"

"नऊ, खाला."

"मोजत राहा."